एकवीस नंबरचा दात

३ मार्च, सोमवार

आज एका धाग्यावरून दवाखान्यात चकमक झाली, म्हणून ही वही काढली. दैनंदिनी लिहायची मला सवय नाही. ही निरीक्षणांची वही. इथे फक्त कामाचं लिहायचं, असं ठरवलं आहे.

झालं असं. शिवणकामवाल्या बाई आल्या होत्या. सुईत ओवायच्या आधी त्या धागा ओला करून दातांवरून ओढतात आणि शेवटी दातांनीच तोडतात. मी चाळीस वर्षं त्यांना हे नको म्हणून सांगतो आहे. त्यापायीच त्यांच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. अकरा वर्षांपूर्वी दाताच्या रंगाचं फिलिंग घालून तो मी बांधून दिला. पंधरा दिवसांपूर्वी खारूने त्यांचे दात यंत्राने साफ केले. आज बाई खुर्चीत नीट बसल्याही नव्हत्या, तोच म्हणाल्या, "डॉक्टर, धागा अडकतोय."

"कुठे?"

"तुम्ही लावलेल्या कोपऱ्याला. आधी सुळकन निघायचा. दात साफ केल्यापासून धाग्याचे तंतू निघतात."

डोळ्यांना काही दिसलं नाही. प्रोबचं अणकुचीदार टोक फिरवून पाहिलं, तर खरखर लागली. अगदी बारीक, पण लागली.

खारू म्हणजे माझी मुलगी. सातव्या वर्षी तिचे पुढचे दोन दात बाकीच्यांची वाट न बघता उगवले, तेव्हापासून हे नाव. आता चार वर्षं दवाखाना तिचा आहे, मी सकाळचे दोन तास बसतो. पेशंटसमोर तिला डॉक्टर म्हणायचं असं ठरलं आहे, पण माझ्या तोंडून खारूच निघतं.

"तुझ्या यंत्राने केलं हे," मी म्हणालो.

"किंवा अकरा वर्षांनी केलं," ती म्हणाली. मग पॉलिशच्या दोन चकत्या लावून तिने पाच मिनिटांत कोपरा गुळगुळीत केला. बाईंनी पिशवीतून रीळ काढलं, तिथेच धागा ओढून पाहिला आणि मान डोलावली.

बाईंचं समाधान झालं. माझं झालेलं नाही. यंत्र फिरतं तेव्हा फिलिंगचं नेमकं काय होतं, हे शोधायला हवं.

६ मार्च, गुरुवार

आज ते यंत्र पहिल्यांदा हातात धरलं. चार वर्षं त्याच्याकडे पाठ करून बसत होतो.

पेनाएवढी दांडी, तिला आकड्यासारखं धातूचं टोक. खारू सांगते की ते टोक एका सेकंदात अठ्ठावीस हजार वेळा हलतं. डोळ्यांना मात्र ते स्थिर दिसतं. पाण्याचा थेंब त्याच्यावर पडला की त्याची वाफेसारखी धूळ होते. काढलेल्या दातांच्या बरणीतली एक जुनी दाढ घेतली, तिच्यावर कीटणाचा जाड थर होता. हाताच्या अवजाराने तो काढायला मला दहा मिनिटं लागली असती. टोक नुसतं टेकवलं आणि थराची अख्खी खपली निघून आली. खाली दात तसाच, पिवळसर, शांत.

खोटं कशाला लिहू, मी थक्क झालो.

आणि मग धास्तावलो. कीटण दगड आहे, ते गेलेलंच बरं. पण फिलिंग म्हणजे राळेसारख्या पदार्थात काचेचे बारीक कण कालवलेला लगदा, निळ्या प्रकाशाने घट्ट केलेला. तिथे हेच टोक लागलं तर? राळ आधी जाते की कण? इतकी वर्षं आम्ही हजारोंनी फिलिंग केली, पण हे विचारायला आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

यंत्र ठेवलं तर खारू म्हणाली, "आता हातात घेतलंच आहे, तर तुमचेही दात साफ करून टाकू. सात वर्षं तरी झाली, बाबा."

म्हटलं, आधी अभ्यास पुरा होऊ दे.

११ मार्च, मंगळवार

आराखडा तयार झाला. काढलेले चोवीस दात, निर्जंतुक करून ठेवलेले. प्रत्येकावर एकसारखं फिलिंग घालायचं आणि पॉलिश करायचं. मग सहा-सहाचे चार गट. एकाला हात लावायचा नाही. दुसरा मी हाताच्या अवजाराने साफ करणार. तिसरा खारू यंत्राने, पूर्ण जोरावर. चौथाही यंत्रानेच, पण जोर कमी ठेवून आणि टोक आडवं धरून.

खारूने एक अट घातली. "कुठला दात कुठल्या गटातला, हे पाहताना तुम्हाला माहीत नसलं पाहिजे."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे. म्हणूनच. तुम्हाला निकाल आधीच ठाऊक आहे, तो तुम्ही कुठूनही काढाल."

जरा लागलं. पण तिचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. आमच्या ताईंनी, म्हणजे दवाखान्याची सगळी मांडामांड बघणाऱ्या बाईंनी, नंबर घालायचं काम घेतलं. त्यांनी यादी बंद पाकिटात घालून स्वतःच्या डब्याच्या पिशवीत ठेवली आणि मला बजावलं, "विचारायचं नाही."

१९ मार्च, बुधवार

चोवीस फिलिंग पुरी झाली. आठ दिवस लागले. खारू म्हणते तीन दिवसांचं काम होतं.

वेळ लागला कारण पद्धत हिची, खारूच्या आईची, वापरली. मी नेहमी एका रंगाचा लगदा घालायचो. ही तीन थर द्यायची. आत गडद, मधे दाताच्या रंगाचा, वर जवळजवळ पारदर्शक. आमच्या दोन खुर्च्यांच्या मधे पडदा असायचा. माझे तीन पेशंट होऊन जायचे तरी पलीकडून हिचा आवाज यायचा, "जरा खिडकीकडे बघून हसा. आता माझ्याकडे बघून." उजेड दोन बाजूंनी पाहिल्याशिवाय ही पुढच्या दाताला सोडायची नाही. मी पडद्याआडून म्हणायचो, "अगं, लोकांना घरी जायचंय." ही म्हणायची, "जातील, पण दात घेऊन जातील."

नमुने एकसारखे हवेत म्हणून ही पद्धत घेतली, एवढंच. कामाचं लिहायचं ठरलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

चारही गटांचं साफ करण्याचं काम झालं. खारूच्या गटांवेळी मी बाहेर बसलो. दारातून आवाज येत होता, शिट्टीसारखा.

एक किरकोळ नोंद. सकाळी पाव चावला तर पावाला रक्त लागलं. कामाशी संबंध नाही. पण ताईंनी पाहिलं आणि खारूला सांगितलं, आणि मला माझ्याच खुर्चीत बसवण्यात आलं. हिरडी दातापासून किती खोल सुटली आहे, याचं तिने फक्त मोजमाप घेतलं, यंत्र बाजूलाच ठेवलं. मोजताना आकडे मोठ्याने बोलत होती, ताई लिहीत होत्या. तीन, तीन, चार, तीन. वरच्या डावीकडच्या पुढच्या दाताशी आली आणि थांबली.

"एकवीस, मागची बाजू. सहा मिलिमीटर." मग दोन अवजारांच्या दांड्यांमधे दात धरून हळूच हलवला. "आणि किंचित हलतोय."

"वय झालंय."

"वय तुमच्या सगळ्या दातांचं एकच आहे. हा एकटाच का हलतोय? इथे तुम्ही ब्रशसुद्धा लावत नाही, बाबा. नुसता फिरवल्यासारखा करता."

एकवीस नंबरवर फिलिंग आहे, हिने केलेलं. त्याचा इथे संबंध नाही. मी म्हणालो की निष्कर्ष हाती आल्याशिवाय कुठल्याच फिलिंगच्या आसपास यंत्र नेणं अशास्त्रीय होईल.

खारू हातमोजे काढत म्हणाली, "तुम्हाला चोवीस दातांची काळजी नाहीये. एकाची आहे."

ती कशाबद्दल बोलत होती, मला नीटसं कळलं नाही. चोवीसही दात माझ्यासाठी सारखेच आहेत.

९ एप्रिल, बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

विद्यापीठाच्या तळघरात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे. तो चालवणारे गृहस्थ लहान चणीचे, हळू बोलणारे, बोटं सतत पुसणारे. मी मनातल्या मनात त्यांचं नाव सूक्ष्मराव ठेवलं. त्यांनी माझी डबी उघडून पाहिली आणि म्हणाले, "काल मुंगीचा पाय होता. परवा विमानाच्या पंख्याचा तुकडा. दात पहिल्यांदाच."

नमुन्यावर आधी सोन्याचा मुलामा द्यावा लागतो, नाहीतर चित्र उमटत नाही. छोट्या काचेच्या डब्यात दात ठेवले, जांभळट उजेड झाला, आणि दोन मिनिटांनी बाहेर आले तर सोन्याचे दात. मी म्हणालो, "माझ्या आजोबांच्या काळात लोक यासाठी जमीन विकायचे." सूक्ष्मराव हसले नाहीत. दात पेटीत ठेवून त्यांनी आतली हवा काढून घेतली आणि पडद्याकडे बोट केलं.

आधी काहीच कळेना. करडा रंग, नुसता उतार. त्यांनी चित्र मोठं करत नेलं. पन्नास पट, पाचशे पट, दोन हजार पट. पडद्यावर एक सपाटी आली, तिच्यावर लहान लहान गोल कण, एकमेकांना खेटून, मधल्या फटी भरलेल्या. नखाएवढ्या फिलिंगच्या नखाच्या टोकाएवढ्या भागात असे किती असतील, मला मोजता येईना.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुम्हीच केलंय ना?" ते म्हणाले.

मीच केलं होतं. पंचेचाळीस वर्षं हे करतो आहे आणि आज पहिल्यांदा पाहत होतो.

पुढच्या नमुन्यात कण उघडे पडले होते. पूर ओसरल्यावर पात्रात गोटे दिसतात तसे. मधली राळ निघून गेली होती, आणि जिथून कण उखडले तिथे खड्डे. कडेला, जिथे फिलिंग दाताला भेटतं, तिथे कपची उडाली होती. एके ठिकाणी एक रेघ होती, तिच्यात टोकाचा धातू घासून बसला होता. हा पूर्ण जोराचा गट, हे पाकीट न उघडताही कळलं.

मग अजून एक नमुना आला. मी म्हणालो, "सांधा दाखवा. दात कुठे संपतो आणि फिलिंग कुठे सुरू होतं ते."

सूक्ष्मराव शोधू लागले. डावीकडे, उजवीकडे. पाच मिनिटं गेली. "सापडत नाही," ते म्हणाले. मग चित्र आणखी मोठं केलं, तेव्हा कुठे एका बाजूला एनॅमलच्या उभ्या काड्या आणि दुसऱ्या बाजूला आपले गोल कण दिसले. दोघांमधे रेघ नव्हती. दोन वेगळ्या जगांनी एकमेकांचा हात धरावा तसं ते होतं, आणि हात सुटेल अशी जागाच नव्हती.

मी खुर्चीवर बसलो. सूक्ष्मरावांनी पाण्याचा ग्लास आणून दिला. म्हणाले, "पहिल्यांदा होतं असं. मी गव्हाच्या दाण्यापाशी रडलो होतो."

मी रडलो नाही. पण मनात आलं, हे हिने पाहायला हवं होतं. ही ते तीन थर नुसत्या डोळ्यांनी द्यायची, आत काय होतंय ते न दिसता. तिला ते ठाऊक कसं होतं?

१० एप्रिल, गुरुवार

पाकीट उघडलं. ताईंनी डब्याच्या पिशवीतून काढून समारंभाने माझ्या हातात दिलं. मी फोटो एका बाजूला मांडले होते, यादी दुसऱ्या बाजूला.

पूर्ण जोराचं यंत्र: अपेक्षेप्रमाणे वाईट.

जोर कमी, टोक आडवं, हात हलका: पृष्ठभाग थोडा खडबडीत, पण कडा शाबूत. सहापैकी पाच.

आणि हाताचं अवजार, म्हणजे मी: सहाच्या सहा दातांवर ओरखडे. लांब, सरळ, एकमेकांना समांतर, नांगरल्यासारखे. माझा हात सरळ चालतो एवढंच त्यातून सिद्ध होतं.

 आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की यंत्राला जाण नसते, हाताला असते. आणि माझ्या जाणत्या हाताने दर सहा महिन्यांनी किती फिलिंगांवर नांगर फिरवला असेल?

खारू माझ्या शेजारी उभी होती. आता ती काय बोलेल याची तयारी करून बसलो होतो. ती म्हणाली, "बाबा, आणि पॉलिश केल्यावर?"

फोटो झाल्यावर काल संध्याकाळी तिने ताईंना विचारून गुपचूप प्रत्येक गटातला एकेक दात पुन्हा पॉलिश करून सूक्ष्मरावांकडे परत पाठवला होता. ते चार फोटो सूक्ष्मरावांनी वेगळे पाठवले होते. पाहिले. चारही जवळजवळ सारखे. वर आलेले कण पुन्हा खाली बसलेले, खड्डे कमी झालेले. उडालेली कपची मात्र परत येत नाही.

म्हणजे निष्कर्ष असा: यंत्र वैरी नाही, हातही साधू नाही. हलकं धरा, फिलिंगवरून टोक नेऊ नका, गेलंच तर पॉलिश केल्याशिवाय पेशंटला उठू देऊ नका. तीन ओळींचं शहाणपण. त्यासाठी मला अडुसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

"झाला अभ्यास?" खारूने विचारलं.

म्हटलं, एक प्रश्न राहतो. चांगलं फिलिंग डोळ्यांना दिसतच नाही. मग टोक कुठे न्यायचं नाही, हे साफ करणाऱ्याला कळणार कसं? शिवणकामवाल्या बाईंचा कोपरा तुलाही दिसला नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिलं. "याचंही उत्तर मिळालं, तर मग?"

"मग बघू."

२४ एप्रिल, गुरुवार

उत्तर मिळालं. सूक्ष्मरावांनीच सुचवलं होतं की काही पदार्थ जांभळ्या प्रकाशात चमकतात. खारूने चौकशी केली आणि एक बोटभर लांबीचा टॉर्च मागवला. आज आला.

शिवणकामवाल्या बाईंना बोलावलं. दुपारी पडदे ओढून घेतले, खुर्चीवरचा दिवा बंद केला, बाईंच्या हातात आरसा दिला, डोळ्यांवर नारिंगी चष्मा. खारूने टॉर्च लावला.

बाईंचे दात मंद हिरवट दिसले, आणि त्या एका दाताचा कोपरा पांढराशुभ्र उजळला. जणू आत कुणी दिवा लावला होता. माझ्या हाताची सीमारेषा, अकरा वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. मी कुठे थांबलो होतो, कुठे थोडा पुढे गेलो होतो, सगळं वाचता येत होतं.

बाई आरशात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, हे एवढं माझ्या तोंडात आहे आणि मी त्याने धागे तोडते?"

"चाळीस वर्षं तेच सांगतोय."

"असं दाखवलं असतंत तर ऐकलं असतं."

सगळीच फिलिंग चमकत नाहीत, जुन्या जातीची काही गप्प राहतात. पण बहुतेक चमकतात. दिवसभर आम्ही जो येईल त्याच्या तोंडात तो टॉर्च लावत होतो. एका पोस्टमनच्या तोंडात सहा निघाली. त्यातली चार हिची. हिची मी लगेच ओळखली, कडा पाण्यावरच्या तरंगासारखी नागमोडी. सरळ रेघ डोळ्यांना दिसते, वाकडी दिसत नाही, असं ही म्हणायची. पोस्टमन म्हणाला, त्याला वाटत होतं तीनच आहेत.

गावभर हिचं काम असं लोकांच्या तोंडात नांदतं आहे, आणि कुणाला पत्ता नाही.

 खारू टॉर्च माझ्याच टेबलावर ठेवून गेली.

६ मे, मंगळवार

बारा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काम नव्हतं.

आज लिहायला हवं. एकवीस नंबरची हिरडी सुजली आहे. कालपासून ठणका आहे, सफरचंद लांब राहिलं, चहासुद्धा डाव्या बाजूला लागू देत नाही. खारूने पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला.

"फिलिंग शाबूत राहील, बाबा. दातासकट तुमच्या हातात येईल. मग ठेवा डबीत."

मी म्हणालो, "असं बोलू नये."

"मग कसं बोलू? मला सांगा कसं बोलू."

 वर घरात आलो.

आता लिहितो, कारण मघापासून दुसरं काही सुचत नाही. सात वर्षं होत आली. बेसिनखालचा पाइप गळत होता म्हणून मी वाकलो होतो, उठताना अवजारांच्या उघड्या खणावर तोंड आपटलं. दात निम्मा गेला, ओठ फाटला. ही पेशंट सोडून पडद्यापलीकडून आली. मला खुर्चीत बसवलं आणि दीड तास काम केलं. मी मधे मधे हाताने विचारत होतो, झालं का? ही म्हणायची, "अजून जरासं. कधी नव्हे ते गप्प बसलाहात, बसा." शेवटी मला उठवून खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "हसा." ओठ बधिर, मी काय हसणार. पण ही हसली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी हिचे रिपोर्ट आले. पुन्हा हिने हातात अवजार धरलं नाही. माझं फिलिंग हे हिचं शेवटचं.

ते कुणी खरवडावं, असं मला वाटत नव्हतं. मीसुद्धा ब्रश जपून फिरवतो. आणि जपण्यापायी दातच जाणार असेल, तर मी डॉक्टर कसला.

उद्या दुपारी चारला खारूला वेळ आहे. ताईंना सांगून माझं नाव लिहायला लावलं.

७ मे, बुधवार

चारला गेलो. ताईंनी मला बाहेर दहा मिनिटं बसवून ठेवलं, सगळ्यांना बसवतात तसं.

खारूने पडदे ओढले. म्हणाली, "आधी टॉर्च. कुठे जायचं नाही ते बघून घेऊ." आवाज डॉक्टरचा होता. पण टॉर्च हातात घेतला आणि लावला नाही. तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही." मग म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला जबरदस्तीने बसवू शकले असते. चार वर्षांत कधीही. मलाच हात लावायचा नव्हता."

एवढे दिवस मी समजत होतो की ती माझ्या मागे लागली आहे आणि मी टाळतो आहे. आम्ही दोघंही टाळत होतो. तिने खांद्याने डोळा पुसला, कारण हातमोजे घातलेले होते.

"लाव," मी म्हणालो.

आरसा मी धरला. माझे दात हिरवट झाले, म्हातारे, चिरा पडलेले. आणि मधे एकवीस नंबरचा खालचा निम्मा भाग उजळला. हिची ती नागमोडी कड. आत कुठे एक बारीकशी उभी रेघ जरा जास्त पांढरी. शेजारच्या अस्सल दातावर तशीच एक नैसर्गिक रेघ आहे, तिची नक्कल. दीड तासात हिने ती रेघसुद्धा घातली होती. रोज सकाळी मी आरशात बघतो, मला ती कधी दिसली नाही.

मी बघत असतानाच खारू म्हणाली, "बाबा, बाविसावर पण आहे."

"नाही. बावीस माझा स्वतःचा आहे."

"बघा तर."

तिने टॉर्च किंचित डावीकडे नेला. शेजारच्या लहान दाताचा कोपरा, तांदळाच्या दाण्याएवढा, लख्ख उजळला.

मी म्हणालो, हे प्रतिबिंब असेल. तिने कोन बदलला. उजेड जिथल्या तिथे. टॉर्च बंद करून दिवा लावला, भिंग घेतलं, प्रोब फिरवला. काही नाही. दात, नुसता दात. पुन्हा अंधार केला, पुन्हा टॉर्च लावला, आणि तो कोपरा पुन्हा उजळला.

त्या आपटण्यात बाविसाचाही टवका उडाला असणार. ओठ सुजला होता, मला कळलं नाही. कळलं असतं तर मी म्हणालो असतो, राहू दे, घासून सरळ कर, कोण बघतंय. ही ते ओळखून होती. म्हणून सांगितलंच नाही. "अजून जरासं" म्हणत माझ्या बधिर तोंडात ते करून टाकलं. आणि दातांचा डॉक्टर म्हणून पंचेचाळीस वर्षं मिरवणारा माणूस ते जवळजवळ सात वर्षं तोंडात घेऊन हिंडला.

एकवीस मी जपला, ब्रशही लागू दिला नाही, आणि तो हलायला लागला. बावीस मी रोज खसाखसा घासला. त्याची हिरडी गुलाबी आहे, खोली दोन मिलिमीटर, आणि फिलिंगला काहीही झालेलं नाही.

आरसा खाली ठेवायला मला जमेना. खारूही माझ्या डोक्यामागून वाकून बघत होती. दोघंही बराच वेळ त्या दाण्याएवढ्या उजेडाकडे बघत राहिलो. ताई दारात आल्या, बघितलं, आणि आवाज न करता दार लोटून गेल्या.

मग मी म्हणालो, "चालव यंत्र."

पाऊण तास लागला. डोक्यात शिट्टी, घशात पाणी. हिरडीच्या आतलं कीटण निघताना जीव कळवळला. दोन्ही फिलिंगांच्या कडेशी आली की खारू टोक आडवं करायची, जोर कमी करायची, श्वास धरायची. श्वास धरलेला मला कानाशी कळत होता. शेवटी दोन्ही दातांना पॉलिश केलं, दोनदा. दात वाचेल असं म्हणाली, पण तीन महिने तिच्याकडे यावं लागेल आणि ब्रश नीट लावावा लागेल. कबूल केलं.

घरच्यांची कार्डं आम्ही कधी केलीच नव्हती. आज ताईंनी माझ्यासमोर एक कोरं कार्ड ठेवलं. मीच भरलं. एकवीस, फिलिंग. बावीस, फिलिंग. शेवटच्या रकान्यात काम करणाऱ्या डॉक्टरचं नाव लिहायचं असतं. ही, हिने, हिला, असंच बोलत आणि लिहीत आलो आहे. पेन थोडा वेळ तसंच धरून बसलो. मग दोन्ही ओळींवर हिचं नाव लिहिलं, पूर्ण, पदवीसकट, आणि कार्ड खारूकडे दिलं.